स्कायलरविरुद्धची फिर्याद

२०१३ सालच्या ऑगस्ट महिन्यात, ‘ब्रेकिंग बॅड’ या अमेरिकन मालिकेचा शेवट जेमतेम महिनाभरावर येऊन ठेपलेला असताना, तिच्यात नायकाच्या पत्नीची भूमिका करणाऱ्या अ‍ॅना गन या अभिनेत्रीने ‘न्यूयॉर्क टाइम्स’ या दैनिकात एक लेख लिहिला, आणि प्रेक्षकवर्गात कित्येक दिवस धुमसत असलेला एक तंटा प्रथमच रीतसर दप्तरी दाखल झाला. लेखाचे स्वरूप कैफियतीचे होते. आपण उभी केलेली स्कायलर व्हाइट ही स्त्री हजारो प्रेक्षकांना मनापासून नकोशी वाटते, एवढ्यापुरती बाईंची तक्रार नव्हती; नायकाच्या वाटेत उभे राहणारे पात्र काही जणांना अप्रिय होणार, हे त्यांनी गृहीतच धरले होते. परंतु हा द्वेष पात्राची वेस ओलांडून नटीच्याच अंगावर धावून येऊ लागला, आणि एके दिवशी, तिला ठार मारायचे आहे तर ती सापडेल कोठे, अशी राजरोस विचारणा कोणा इसमाने केलेली तिच्या वाचनात आली. तेव्हा या रागाचे मूळ पात्रात आहे की पाहणाऱ्याच्या मनात आहे, हा प्रश्न तिला चारचौघांपुढे मांडावासा वाटला.

ज्या वाचकांनी ही मालिका पाहिलेली नाही, त्यांच्याकरिता कथेची तोंडओळख करून देणे भाग आहे. न्यू मेक्सिको प्रांतातील आल्बुकर्की या रखरखीत शहरात वॉल्टर व्हाइट नावाचा रसायनशास्त्राचा एक शाळामास्तर राहतो. वयाची पन्नाशी, तुटपुंजा पगार, त्यामुळे शाळा सुटल्यावर मोटारी धुण्याच्या दुकानात चाकरी. मुलगा जन्मापासून अपंग, पत्नी या वयात पुन्हा गरोदर, आणि अशात फुप्फुसाच्या कर्करोगाचे निदान. आपल्या पश्चात घरादाराची आबाळ होऊ नये, असे स्वतःला बजावून तो आपली विद्या एका मादक द्रव्याच्या निर्मितीस लावतो, आणि तीही अशा स्थितीत की त्याचा सख्खा साडू अमली पदार्थविरोधी खात्यात अंमलदार आहे. २० जानेवारी २००८ पासून २९ सप्टेंबर २०१३ पर्यंत, ६२ भागांत, या भिडस्त मास्तराचा निर्दय गुन्हेगार होतो. मालिकेचे कर्ते व्हिन्स गिलिगन यांनी आपला हा मनसुबा कधी लपविला नाही. सज्जन नायकाला दुर्जन करून दाखवायचे, हीच त्यांची प्रतिज्ञा होती.

प्रेक्षकांचे दोन पक्ष पडले, ते वॉल्टरवरून नव्हे, स्कायलरवरून. एका पक्षाचे म्हणणे असे की ही बाई अखंड किरकिरी, नवऱ्याच्या पन्नासाव्या वाढदिवशीसुद्धा त्याच्या ताटात खोटे, शाकाहारी बेकन वाढणारी, त्याच्या प्रत्येक हालचालीचा जाब विचारणारी. तिच्यासाठी तो एवढा जीव धोक्यात घालतो, आणि हिच्या तोंडून गोड शब्द नाही. पुढे तिने टेड बेनिकी या आपल्या मालकाशी संबंध ठेवले, तेव्हा तर या पक्षाने खटला निकालात काढला. दुसरा पक्ष म्हणे, नवरा महिनोन्‌महिने खोटे बोलतो, रात्री-अपरात्री नाहीसा होतो, एक गुप्त फोन बाळगतो; अशा घरात गरोदर बाईने जाब विचारायचा नाही तर काय आरती ओवाळायची?

प्रस्तुत लेखकाला येथे एक कबुली देणे प्राप्त आहे. मी ही मालिका मोठ्या भक्तिभावाने पाहिली, आणि पहिल्या वेळी मी पहिल्या पक्षाच्या ओसरीवर बसलो होतो. स्कायलर पडद्यावर आली की मला पाण्याचा घोट घ्यावासा वाटे. वॉल्टर केव्हा एकदा त्या घरातून निसटतो आणि आपल्या मोडक्या फिरत्या प्रयोगशाळेकडे जातो, असे होई. माझी थोरली बहीण काही दिवस आमच्याकडे मुक्कामाला होती, तिने दोन-तीन रात्री निमूटपणे माझ्यासोबत बसून काढल्या, आणि एकदा मी स्कायलरच्या नावाने कुरकुरलो तेव्हा हातातली लोकर बाजूला ठेवून म्हणाली, “अरे, पण तिला कोणी काही सांगितलंय का? तुला सगळं दिसतंय, म्हणून तुला ती मूर्ख वाटते. तिला कुठे काय दिसतंय?” ताईने नाट्यशास्त्राचा अभ्यास केलेला नाही. परंतु या साऱ्या वादात मी जे जे वाचले, त्यांपैकी फार थोडे या तीन-चार वाक्यांच्या पलीकडे गेलेले मला आढळले.

कथा ज्याच्या डोळ्यांनी सांगितली जाते, त्याचे वकीलपत्र श्रोता न मागता घेतो, ही कथनकलेची फार जुनी खोड आहे. वॉल्टरला कर्करोग झाल्याचे आपल्याला त्याच्या पत्नीच्या आधी कळते. त्याचा पहिला खून आपण त्याच्याबरोबर जागून, त्याच्याबरोबर घामाघूम होऊन पाहतो. त्याच्या प्रत्येक थापेची पूर्वतयारी आपल्यासमोर झालेली असते. म्हणजे स्कायलर जेव्हा विचारते, “तू होतास कोठे?”, तेव्हा उत्तर ठाऊक असलेला दुसरा आरोपी दिवाणखान्यात, आपल्याच खुर्चीवर बसलेला असतो. प्रश्न तिने त्याला विचारलेला असतो, आणि दचकतो आपण. उघडकीस येण्याचे भय माणसाला वाटते ते पकडणाऱ्याविषयी. आणि पकडणारी व्यक्ती कितीही न्यायाने वागत असली तरी पळणाऱ्याला ती दुष्टच भासते. स्कायलरचा पहिला अपराध हा एवढाच, की तिला संशय येतो.

आता दोघांच्या खात्यांची रुजवात घालून पाहू. पहिल्याच पर्वात वॉल्टरचे जुने, धनाढ्य झालेले स्नेही त्याच्या औषधोपचाराचा सगळा खर्च उचलावयास तयार होतात आणि तो अहंकारापायी नकार देतो. म्हणजे कुटुंबासाठी नाइलाजाने पत्करलेला मार्ग हे त्याचे समर्थन तेथेच बाद ठरते. दुसऱ्या पर्वात त्याच्या तरुण साथीदाराची प्रेयसी गुंगीत ओकारी येऊन गुदमरत असताना तो पलंगाशी उभा राहून तिला मरू देतो. चौथ्या पर्वाच्या अखेरीस आपला डाव साधण्याकरिता तो एका लहान मुलाला विषबाधा करवितो. स्कायलरच्या खाती काय? बेनिकीशी संबंध, मालकाच्या हिशेबातील लबाडीकडे केलेली डोळेझाक, आणि पुढे, नवऱ्याचा काळा पैसा मोटारी धुण्याच्या दुकानाच्या वहीत पांढरा करण्यात घेतलेला वाटा. ती निर्दोष नाही, आणि तिला निर्दोष ठरवू पाहणाऱ्या दुसऱ्या पक्षाच्या मंडळींचाही मला कंटाळाच येतो. गन बाईंनी एवढे कष्ट घेऊन जे गुंतागुंतीचे, भ्यालेले, हट्टी, स्वतःलाच फसविणारे माणूस उभे केले, त्याची ही मंडळी पीडितेची प्रतिमा करून तिला हार घालतात. तथापि विषप्रयोग आणि व्यभिचार हे दोन गुन्हे एका तराजूत टाकले असता, हजारो प्रेक्षकांच्या हातात व्यभिचाराचे पारडे खाली गेले, ही गोष्ट काही केल्या दृष्टिआड करता येत नाही.

यातला एक प्रकार तर मला विलक्षण वाटतो. तिसऱ्या पर्वात स्कायलरने वॉल्टरला घराबाहेर काढलेले असते. तो पिझ्झा घेऊन दारात येतो, ती त्याला आत घेत नाही, आणि संतापाच्या भरात तो तो अखंड पिझ्झा छपरावर भिरकावतो. ज्या घराच्या दर्शनी भागाचे चित्रीकरण झाले, ते आल्बुकर्कीत खरोखरीच एका कुटुंबाचे राहते घर होते. मालिका संपल्यावर चाहते तेथे जाऊन त्या छपरावर पिझ्झे फेकू लागले. गिलिगन यांना २०१५ साली, हा प्रकार थांबवा, अशी जाहीर विनंती करावी लागली, आणि शेवटी घरमालकांनी कुंपणाची तजवीज केली. गंमत म्हणून फेकले, असे फेकणारे म्हणतील, आणि ते खरेही असेल. परंतु ६२ भागांच्या या प्रदीर्घ कथेतून तीर्थक्षेत्री जाऊन करण्याजोगा विधी म्हणून लोकांनी नेमके काय उचलले, तर बायकोने दार लावून घेतल्यावर नवऱ्याने केलेली आदळआपट! चौथ्या पर्वातही तेच. नवऱ्याच्या जिवाला धोका आहे असे वाटून धास्तावलेल्या स्कायलरला वॉल्टर बजावतो की संकट माझ्या दारावर येत नाही, दुसऱ्यांच्या दारावर थाप मारणारे संकट मीच आहे. ते उद्गार चाहत्यांनी सदऱ्यांवर छापून मिरविले. ते ऐकून पलंगाच्या कडेला बसलेल्या बाईचा चेहरा कसा झाला होता, हे मात्र सदऱ्यावर उमटत नाही.

मराठी माणसाला हे कोडे परके वाटू नये. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तील सुधाकर हाही एक बुद्धिमान, मानी, पदरी अपमान आलेला पुरुष, वकिलीची सनद काही काळ रद्द झाल्याच्या जखमेवर तो दारूचा लेप लावू पाहतो आणि घराचे स्मशान करतो. त्याची सिंधू दळण दळते, फाटके नेसते, मार खाते, आणि मरणशय्येवरही पतीला बोल लागू नये म्हणून धडपडते. बालगंधर्वांच्या सिंधूसाठी आपल्या आज्या-पणज्यांनी पदर भिजविले, ते उगाच नव्हे. पण त्याच नाटकात तळीरामाची बायको गीता आहे. ती नवऱ्याला उलट बोलते, दारूबाजांची रेवडी उडविते, आणि तिच्यावर कोणी रागावत नाही, कारण नाटककाराने तिला विनोदाच्या दालनात बसविले आहे; तेथे बसून स्त्रीने खरे बोलायला आपली हरकत नसते. स्कायलरचे दुर्दैव असे की तिला सिंधूच्या जागी उभी करून गीतेची जीभ दिली, आणि विनोदाचा परवाना मात्र दिला नाही. शोकांतिकेत उभे राहून, डोळे कोरडे ठेवून, “मुलांना या घरातून बाहेर काढ” असे नवऱ्याला सांगणारी, त्याचा कर्करोग उलटण्याची मी वाट पाहते आहे असे त्याच्या तोंडावर म्हणणारी पत्नी, हा अनुभव आल्बुकर्कीच्या प्रेक्षकाला जितका नवा होता, तितकाच तो आपल्यालाही आहे.

आणि तरीही सगळा दोष प्रेक्षकाच्या स्त्रीद्वेषावर ढकलून मोकळे होणे मला पटत नाही. गिलिगन यांनी २०१३ साली एका मुलाखतीत हेच केले होते. नायकांच्या बायका ज्यांना सोसत नाहीत ते सरळ सरळ स्त्रीद्वेष्टे होत, अशा अर्थाचा निवाडा त्यांनी दिला. निवाड्यात तथ्य होते, पण न्यायाधीश स्वतः त्या प्रकरणात पक्षकार होता, हे विसरून कसे चालेल? ज्याने स्वतः पाच पर्वे प्रेक्षकाला वॉल्टरच्या शेजारी बसविले, त्याच्या श्वासाबरोबर श्वास घ्यायला लावले, त्यानेच तुम्ही तेथे का बसलात म्हणून प्रेक्षकाची खरडपट्टी काढावी, यात काही न्याय नाही. गिलिगन यांच्या प्रामाणिकपणाची तारीफ एवढ्याचसाठी करावयाची की पुढे, २०२२ साली, ‘न्यूयॉर्कर’ नियतकालिकाशी बोलताना त्यांनी आपली जबानी बदलली. आपली कथा मुळातच वॉल्टरच्या बाजूने झुकविलेली होती, सर्व काही त्याच्याच डोळ्यांनी सांगितले होते, हे त्यांनी मान्य केले. आणि त्याचबरोबर, वॉल्टरचा कट्टर वैरी जो गस फ्रिंग, त्याच्याविषयीसुद्धा लोकांना स्कायलरइतका तिटकारा कसा वाटला नाही, हे कोडे अजून सुटत नसल्याचेही सांगितले. या दोन वाक्यांतले दुसरे पहिल्याइतकेच वजनदार आहे. कॅमेऱ्याची बैठक हे कारण एकटे पुरेसे असते, तर फ्रिंगवरही तितकाच राग निघाला असता. त्याने तर वॉल्टरचा जीव घेण्याचा घाट घातला होता. बैठक कर्त्याने दिली, पण त्या बैठकीवर बसताना प्रेक्षकाने घरून आणलेली गादीही अंथरली.

बैठक बदलली की काय होते, हे आपण आपल्या घरीच पाहिले आहे. ‘आई कुठे काय करते’ या मालिकेत प्रेक्षक स्वयंपाकघराच्या बाजूला, मधुराणी प्रभुलकर यांच्या अरुंधतीजवळ बसला होता; त्यामुळे तेथे नवऱ्याने, अनिरुद्धने, कितीही कारणे सांगितली तरी त्याच्या बाहेरख्यालीपणाला माफी नव्हती. नवरा-बायको आणि विश्वासघात हाच मामला, केवळ कॅमेरा भिंतीच्या दुसऱ्या बाजूला.

उरला नटांच्या बोलण्याचा मुद्दा. भूमिका करणाऱ्याने भूमिकेविषयी बोलू नये, काम करावे आणि घरी जावे, असे मानणारी कर्मठ मंडळी तिकडेही आहेत आणि आपल्याकडेही. गन बाईंच्या लेखावर, पात्राचा राग स्वतःला लावून घेतला, असा शेरा मारणारे प्रेक्षक काही कमी नव्हते. याउलट, नटीने सांगितले म्हणजे पात्राचा अर्थ कायमचा मुक्रर झाला, असे समजणारेही आहेत. माझ्या मते नट हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. पात्राच्या मनात काय होते याविषयी त्याचे मत आदराने ऐकावे, पण ते इतर मतांपैकी एक. कारण पडद्यावर एकदा उमटलेला चेहरा त्याच्या धन्याच्याही मालकीचा राहात नाही. पात्रामुळे त्याच्या देहावर, वाटेवर, दारावर काय गुदरले, याविषयी मात्र त्याच्याइतका खात्रीचा साक्षीदार दुसरा नाही. गन बाईंच्या लेखाचे सामर्थ्य असे की त्यांनी ही मर्यादा सांभाळली. स्कायलरवर प्रेम करा, असे त्यांनी कोठेही फर्मावले नाही. लोक तिचा द्वेष करताना कोणते शब्द वापरतात ते पाहा, आणि अशीच वागणूक इतर मालिकांतील नायकांच्या बायकांच्याही वाट्याला का आली याचा विचार करा, एवढेच त्यांचे मागणे होते.

आपल्याकडे निळू फुले यांच्याविषयी असे सांगतात की गावोगावच्या बायका त्यांना खरोखरीचा दुष्ट समजून बोटे मोडीत. सेवा दलाच्या संस्कारात वाढलेल्या त्या सालस माणसाने या शिव्या पारितोषिकासारख्या मिरविल्या, आणि ते योग्यच होते. खलनायक वठवावयास दिला होता, तो वठला, त्याची ती पावती होती. गन यांना अशी पावती मानण्याची सोय नव्हती. त्यांना कोणी खलनायिका करावयास सांगितलेच नव्हते. ती बाई खलनायिका ठरली ती नेमणुकीच्या हुकुमावाचून, केवळ प्रेक्षकांच्या ठरावाने. लेखानंतर महिन्याभराने त्यांना त्याच भूमिकेसाठी एमी पुरस्कार मिळाला, पुढच्या वर्षी पुन्हा मिळाला, आणि तरीही तंटा मिटला नाही.

याच कर्त्यांच्या पुढच्या मालिकेत, ‘बेटर कॉल सॉल’मध्ये, किम वेक्सलर नावाची वकील स्त्री आहे. ऱ्हिया सीहॉर्न यांनी ती फार देखण्या संयमाने केली, आणि चाहत्यांनी तिला डोक्यावर घेतले. प्रेक्षक सुधारले, असा निष्कर्ष काहींनी काढला. मला तितका भरवसा नाही. किम दीर्घकाळ नायकाच्या लबाड्यांत हौसेने सामील होते, त्याच्याबरोबर हसते; म्हणजे प्रेक्षकाच्या मौजेत ती भागीदार आहे, स्कायलरप्रमाणे त्या मौजेवर आलेली जप्ती नव्हे.

ताईच्या त्या बोलण्यानंतर काही वर्षांनी मी मालिका पुन्हा पाहिली, आणि या खेपेस शेवटून तिसरा भाग मला वेगळा दिसला. वॉल्टर तान्ह्या मुलीला पळवून नेतो आणि रात्री घरी फोन करतो. पोलीस ऐकत आहेत हे त्याला ठाऊक आहे. म्हणून तो स्कायलरला वाटेल ते बोलतो, तू नुसती रडत राहिलीस, कुरकुरत राहिलीस, माझ्या कामाची तुला कधी कदर नव्हती, अशी आग ओकतो, जेणेकरून बायकोला गुन्ह्याचे काही ठाऊक नव्हते अशी नोंद सरकारी दप्तरी व्हावी. सिंधूने नवऱ्यासाठी केले ते येथे नवरा बायकोसाठी करतो. परंतु त्या खोट्या जबानीतले शब्द ऐकताना माझे कान तापले, कारण ते मला पाठ होते. पाच वर्षे चाहते स्कायलरविषयी जे म्हणत होते, ती वाक्ये लेखिका मॉयरा वॉली-बेकेट यांनी, जवळजवळ जशीच्या तशी, वॉल्टरच्या तोंडी घातली आहेत. त्या रात्री काही प्रेक्षकांना हे वॉल्टरचे खरे मनोगत वाटले आणि अखेर कोणी तरी तिला सुनावले म्हणून ते खूश झाले. काहींना तो निव्वळ त्याग वाटला. तो रडत रडत बोलतो आहे, एवढे दोघांनाही दिसले होते.

शेवटच्या भागात स्कायलर एका लहानशा भाड्याच्या घराच्या स्वयंपाकघरात एकटी बसून सिगारेट ओढीत बहिणीशी फोनवर बोलत असते. आपण तिच्यासमोर आहोत, खोलीत दुसरे कोणी नाही. ती फोन ठेवते, कॅमेरा सावकाश पुढे सरकतो, आणि मधल्या खांबाच्या आड इतका वेळ उभा असलेला वॉल्टर आपल्याला दिसतो. तो बोलू लागताच ती त्याला अडविते. पुन्हा एकदा ‘हे सारे कुटुंबासाठी केले’ हे ऐकावयाची तिची तयारी नसते. तेव्हा तो सांगतो की मी ते माझ्यासाठी केले, मला ते आवडत होते. ती काहीच बोलत नाही. थोड्या वेळाने त्याला झोपलेल्या मुलीला पाहू देते, आणि स्वतः दाराशी उभी राहते.